तुटक केलेली रेघ : पहिल्या वर्षाच्या ड्रॉइंगमधलं एक प्रकरण

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका छोट्या युनिटच्या मालकांनी ब्रॅकेट हातात घेतला, उलटापालटा करून पाहिला, कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "मॅडम, पोरांनी काम एक नंबर केलंय. पण हे डावं झालंय. मला उजवं पायजे हुतं."

ब्रॅकेट चार होते आणि चारही मापात होते. कडा कानशीनं साफ केलेल्या, भोकांच्या कडेला उठलेले धातूचे टोकदार अंश, म्हणजे बर, काढलेले. व्हर्निअर लावला तर माप जिथल्या तिथं. आणि चारही उलटे, आरशात दिसावेत तसे.

मी पॉलिटेक्निकला पहिल्या वर्षाच्या मेकॅनिकलच्या मुलांना इंजिनीअरिंग ड्रॉइंग शिकवते. हा प्रसंग दुसऱ्या सत्राच्या मायक्रो प्रोजेक्टमधला आहे. गट चौघांचा होता, तीन मुलं आणि एक मुलगी. ड्रॉइंगची जबाबदारी मुलीकडे होती, कारण वर्गात तिच्याइतकी स्वच्छ शीट कुणाची नसायची. रेघांचा जाड-बारीकपणा, बाणांची टोकं, अक्षरं, सगळं बघत राहावं असं. ट्यूबलाइटवर काच ठेवून दुसऱ्याची शीट छापण्याला आमची मुलं जीटी मारणं म्हणतात. तिनं कधी जीटी मारली नाही. मारली असती तर हे प्रकरण लिहिण्याजोगं झालंच नसतं.

काम काय होतं

काम साधं होतं. ८० बाय ५०, ८ मिलिमीटर जाडीच्या लोखंडी अँगलचे, म्हणजे एल आकाराच्या पट्टीचे, १२० मिलिमीटर लांबीचे चार तुकडे कापायचे. ५० ची बाजू खाली टेकणार, म्हणजे तो बेस. ८० ची बाजू उभी, म्हणजे भिंत. बेसमध्ये ११ मिलिमीटरची दोन भोकं, दोन्ही टोकांपासून सारख्या अंतरावर. भिंतीत १८ मिलिमीटरचं एकच भोक, समोरून पाहताना डाव्या कडेपासून ३५ आणि तळापासून ५० वर. त्या भोकात सेन्सर बसायचा होता. युनिटचा जो जिग, म्हणजे काम ठरल्या जागी पकडून धरणारं साधन, होता त्याची सगळी ड्रॉइंग्ज अमेरिकेतल्या ग्राहकाकडून आलेली होती. मालकांनी त्यातल्याच एका पानाची झेरॉक्स आम्हाला दिली.

त्या पानावर दोनच दृश्यं होती. डावीकडे एफव्ही, म्हणजे समोरून दिसणारं रूप : १२० बाय ८० चा आयत, आत भोकाचं वर्तुळ, आणि तळापासून ८ मिलिमीटरवर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक आडवी सलग रेघ. तिच्या उजवीकडे बाजूनं दिसणारं रूप : इंग्रजी एल अक्षर, पण उलटं. म्हणजे उभी बाजू उजवीकडे आणि पाय डावीकडे पसरलेला. टॉप व्ह्यू दिलेलाच नव्हता, कारण अशा कामाला दोन दृश्यं पुरतात. कारखान्यात जरुरीपेक्षा जास्त रेघा कुणी काढत बसत नाही. उजव्या कोपऱ्यात टायटल ब्लॉक, म्हणजे ड्रॉइंगची माहिती लिहायची चौकट, आणि त्यात करंगळीच्या नखाएवढं एक चिन्ह : आधी एकात एक दोन वर्तुळं, मग छाटलेला शंकू.

आमच्या विभागाचा नियम आहे, आधी शीट, मग जॉब. तुम्ही जे करणार ते स्वतः काढून दाखवायचं, मी सही करणार, मगच वर्कशॉपमध्ये हॅक्सॉ हातात. मुलीनं ए टू कागदावर, ४२० बाय ५९४, दोन्ही दृश्यं नव्यानं काढली, शेजारी आयसोमेट्रिक, म्हणजे वस्तूच्या तीन बाजू एकत्र दाखवणारं तिरकं चित्रही काढलं. मी सही केली.

युनिटमधून परतताना माझ्या मनात एकच शब्द होता, निष्काळजीपणा. जर्नलमध्ये तसा शेरा लिहायचंही ठरवलं होतं. कॉलेजवर आल्यावर मालकांची झेरॉक्स आणि मुलीची शीट शेजारी-शेजारी ठेवली. दोन्हीत एका रेघेचा फरक होता. तळापासून ८ मिलिमीटरवरची ती आडवी रेघ झेरॉक्सवर सलग होती. मुलीच्या शीटवर ती तुटक होती. सलग रेघ म्हणजे दिसणारी कड, तुटक म्हणजे मागं झाकलेली.

तिला बोलावून विचारलं, "अगं, ही रेघ तू डॉटेड का काढलीस?"

ती जराही अडखळली नाही. "मॅडम, त्यांची ती रेघ चुकली होती. म्हणून मी दुरुस्त केली."

"चुकली कशावरून?"

"बाजूच्या व्ह्यूमध्ये भिंत उजवीकडे आहे ना मॅडम. उजवीकडे काढलेला व्ह्यू म्हणजे डावीकडून बघितलेला. डावीकडून बघताना माझ्या उजव्या हाताला वस्तूचा पुढचा भाग येतो. म्हणजे भिंत पुढं आहे. भिंत पुढं असली तर बेस तिच्यामागं झाकला जाणार. मग बेसची वरची कड समोरून दिसेल कशी? ती हिडन लाइनच पाहिजे."

मी शेरा लिहिला नाही. तिच्या बोलण्यात एकही पायरी चुकलेली नव्हती. दृश्यं कागदावर मांडायच्या दोन पद्धती आहेत, फर्स्ट अँगल आणि थर्ड अँगल. आम्ही शिकवतो त्या फर्स्ट अँगलच्या नियमानं ते पान वाचलं की तिचं उत्तर शंभर टक्के बरोबर येतं. गटातल्या तीन मुलांना ती रेघ खटकलीच नव्हती. तिला खटकली, तिनं विचार केला, आणि विचार करूनच ती चुकीच्या ब्रॅकेटपर्यंत पोहोचली. पान थर्ड अँगलमध्ये काढलेलं आहे, एवढंच तिला माहीत नव्हतं.

फर्स्ट आणि थर्ड

ज्यांनी ड्रॉइंग कधी शिकलेलं नाही त्यांच्यासाठी हे थोडं उलगडून सांगते, कारण सगळं प्रकरण इथंच अडलं आहे.

एक वस्तू भिंतीसमोर ठेवा आणि तुम्ही तिच्यासमोर उभे राहा. तुम्ही, मग वस्तू, मग भिंत. वस्तूचं रूप सरळ मागं ढकलून भिंतीवर उमटवलं की ते फर्स्ट अँगल. आता डाव्या बाजूला जाऊन बघा. रूप तुमच्या समोरच्या, म्हणजे उजवीकडच्या भिंतीवर उमटणार. भिंती उलगडून कागदावर सपाट केल्या की डावीकडून पाहिलेलं दृश्य उजवीकडे येतं आणि वरून पाहिलेलं खाली येतं. थर्ड अँगलमध्ये भिंत काचेची असते आणि ती तुमच्या आणि वस्तूच्या मध्ये असते. जिथून बघाल तिथल्याच काचेवर रूप उमटतं. म्हणून उजवीकडून पाहिलेलं उजवीकडेच राहतं, वरून पाहिलेलं वरच राहतं.

उरलेले दोन कोन, सेकंड आणि फोर्थ, कुणी वापरत नाही. आडवी पातळी फिरवून सपाट केली की त्यात दोन्ही दृश्यं एक्सवाय रेषेच्या, म्हणजे उभी आणि आडवी पातळी जिथं मिळतात त्या रेषेच्या, एकाच बाजूला येऊन एकमेकांवर बसतात.

ही सगळी रीत गास्पार मोंझ या फ्रेंच गणितज्ञाची. जन्म १७४६, बापाचा धंदा फेरीवाल्याचा. मेझिएरच्या लष्करी अभियांत्रिकी शाळेत किल्ल्याच्या तटबंदीचं एक गणित त्यानं अंकांची लांबलचक आकडेमोड टाळून रेषांनी सोडवलं. ही पद्धत इतकी उपयोगी ठरली की बरीच वर्षं ती लष्करी गुपित म्हणून दडवून ठेवली गेली. १७९५ मध्ये पॅरिसला त्याला ती जाहीरपणे शिकवता आली. मी हे मुलांना दरवर्षी सांगते. एकेकाळी पहाऱ्यात ठेवलेली विद्या आज आपल्याला फीच्या पावतीवर मिळते, याचं मला मनापासून अप्रूप वाटतं.

पुढं युरोपात फर्स्ट अँगल रुळला, अमेरिकेत थर्ड. आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरोच्या १९८८ च्या एसपी ४६ या पुस्तिकेत शाळा-कॉलेजांसाठी फर्स्ट अँगल सांगितला आहे. म्हणून आमचा अभ्यासक्रम फर्स्ट अँगलवर उभा आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही, कुठली तरी एक पद्धत आधी पक्की व्हायलाच हवी. पण कोल्हापूरच्या फाउंड्र्या आणि मशीन शॉप बाहेरदेशी माल पाठवतात. शिरोलीत काय किंवा गोकुळ शिरगावात काय, मुलगा नोकरीला लागला की त्याच्या टेबलावर दोन्ही पद्धतींचे कागद येणार. आम्ही थर्ड अँगल शिकवतो तो एका तासात. व्याख्या, चिन्ह, दोन्हींतला फरक सांगणारा तक्ता. परीक्षेत तो तक्ता दोन-चार मार्कांना येतो. मुलगीही तो तक्ता पाठ म्हणून दाखवू शकत होती. झेरॉक्सवरचं चिन्हही तिनं पाहिलं होतं. "मला वाटलं तो कंपनीचा शिक्का असेल," असं ती म्हणाली.

आमच्या शीटवर ते चिन्ह असतं, पण छापील टायटल ब्लॉकमध्ये, कायम एकसारखं. जी गोष्ट कधीच बदलत नाही तिच्याकडे डोळा जात नाही. फर्स्ट अँगलचं असो वा थर्डचं, चिन्हात तोच छाटलेला शंकू असतो, निमुळतं टोक डावीकडे करून ठेवलेला. डावीकडून बघितलं की लहान आणि मोठं अशी दोन्ही वर्तुळं दिसतात. ती वर्तुळं शंकूच्या उजवीकडे काढली तर फर्स्ट, डावीकडे काढली तर थर्ड. म्हणजे ते चिन्ह हेच एक छोटं ड्रॉइंग आहे, वाचता येणारं. मी इतकी वर्षं ते पाठ करायला सांगत आले आणि वाचायला कधी सांगितलं नाही.

माझी सही

इथं माझ्याबद्दल लिहिणं भाग आहे. तुटक रेघ असलेल्या त्या शीटवर माझी सही होती. सही करताना मी काय पाहिलं? रेघांची जाडी, डायमेन्शनच्या रेघा आउटलाइनला चिकटल्यात का, अक्षरांची उंची, मार्जिन. मूळ पान शेजारी घेऊन बसले नाही. आमच्या टर्मवर्कचे मार्क याच गोष्टींवर असतात, आणि वर्षानुवर्षं तेच बघता बघता नजर तेवढीच बघायला लागते. एका बॅचच्या वीस-बावीस शीट एका दुपारी तपासायच्या असतात हे खरं आहे. पण ती शीट मी सुंदर आहे म्हणून पास केली, हेही खरं आहे.

यातून मला जे दिसलं ते असं : आम्ही मुलांना काढायला शिकवतो, वाचायला शिकवत नाही. वरचं खाली आणि डावीकडचं उजवीकडे, हा नियम मुलांच्या तोंडात बसलेला असतो. कागदावर कुठं काय मांडायचं ते त्यातून कळतं. पण तो नियम कुठून आला ते हातांना ठाऊक नसतं. आणि कारखान्यात काम मुख्यतः वाचण्याचंच असतं. पहिली काही वर्षं तर दुसऱ्यानं काढलेलं समोर येतं आणि त्याची वस्तू करून द्यायची असते.

पुढच्या आठवड्यात तीच झेरॉक्स, चिन्ह झाकून, मी वर्गात फिरवली आणि ब्रॅकेटचं आयसोमेट्रिक काढायला सांगितलं. बहुतेकांनी भिंत पुढंच काढली. बऱ्याच जणांनी सलग रेघेकडे लक्षच दिलं नाही. म्हणजे मुलगी एकटी चुकली नव्हती. ती वर्गासारखीच चुकली होती, पण तिनं का ते सांगितलं.

लग्नपत्रिका आणि शाडू

मग मी दोन गोष्टी वर्गात आणल्या. जाड पुठ्ठ्याच्या जुन्या लग्नपत्रिका, ज्या प्रत्येक घरात पडून असतात, आणि गणपतीच्या मूर्तिकारांकडून शाडूची माती.

पत्रिका काटकोनात उघडून टेबलावर ठेवली की एक पान भिंत होतं, एक पान जमीन. शाडूचा एल करून त्या कोनात ठेवायचा, समोरून बघायचं, मागच्या पानावर पेन्सिलनं रूप काढायचं. वरून बघायचं, खालच्या पानावर काढायचं. मग माती उचलायची आणि पत्रिका सपाट उघडायची. वरून पाहिलेलं खाली का येतं, ते सांगावं लागत नाही. थर्ड अँगलसाठी फायलीचं पारदर्शक प्लॅस्टिक कव्हर वस्तूच्या पुढं धरायचं आणि त्यावरच स्केचपेननं काढायचं.

त्यानंतर उलटं काम. दोन दृश्यं देते, कोपऱ्यातल्या चिन्हासकट, आणि शाडूत वस्तू करून मागते. एकाच पानावर चिन्ह बदलून दोनदा.

या तासाला वर्गाचा क्रम उलटापालटा झाला. एक मुलगा होता, ज्याच्या शीटवर मी सत्रभर लाल रेघा मारल्या होत्या. ड्राफ्टर नीट धरता येत नव्हता, खोडून खोडून कागदाला भोक पडायचं. त्यानं माती हातात घेतली, पान दोन क्षण पाहिलं आणि ब्रॅकेट करून ठेवला. बरोबर, पहिल्या फटक्यात. चिन्ह बदललं, त्यानं मोडून दुसरा केला. तोही बरोबर. विचारलं तेव्हा कळलं, त्याचे वडील फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे नमुने, करतात. लहानपणापासून तो त्यांच्याशेजारी बसून कागद बघत आलेला. पॅटर्नवाल्याचं सगळं कामच तसं असतं, कागद बघायचा आणि लाकडात वस्तू उभी करायची. वस्तू तर उभी करायचीच, वर साच्यात तिची पोकळी कशी पडेल तेही डोक्यात ठेवायचं. त्या मुलाला ड्रॉइंगमध्ये मी काठावर पास केलं होतं.

सगळ्यांना जमलं असं नाही. काही मुलं आजही शाडूत भिंत चुकीच्या बाजूला बसवतात आणि चिन्ह दाखवलं की मग फिरवतात. ज्यांना फिरवल्यावर ती का फिरवली हे सांगता येत नाही, त्यांच्यासाठी मला अजून काही सापडलेलं नाही. वेळ हीसुद्धा मोठी अडचण आहे. दोन तासांच्या प्रॅक्टिकलमध्ये माती आणली की शीट मागं पडते आणि सबमिशनची तारीख मागं सरकत नाही.

विभागाच्या बैठकीत मी मांडलं की टर्मवर्कमधले थोडे मार्क वाचनाला द्यावेत. ते मान्य झालं नाही. एक सहकारी म्हणाले की शीटचा पुरावा कागदावर राहतो, मातीचा कसा ठेवणार? त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. बाहेरून तपासायला येणाऱ्यांना फाइल दाखवावी लागते. सध्या मी माझ्या बॅचला तोंडी परीक्षेत एक दोन-दृश्यांचं पान देते आणि भिंत कुठं आहे, रेघ सलग का आहे, असं विचारते. तेवढं माझ्या हातात आहे.

ब्रॅकेटचं पुढं काय झालं? मालकांनी सोपा मार्ग काढला. तीन ब्रॅकेटच्या भिंतीत दुसऱ्या बाजूला ३५ वर आणखी एक भोक पाडलं आणि त्यांच्याच शॉपमधल्या जिगवर बसवले. बेसची भोकं मध्यापासून सारखी असल्यानं ते जमलं. चौथा मी मागून घेतला. गटानं एक बरोबरचा नव्यानं केला. आता ड्रॉइंग हॉलच्या पुढच्या टेबलावर दोन्ही शेजारी ठेवलेले असतात. नवी मुलं ते उचलतात आणि कसेही फिरवून एकासारखा दुसरा करायला बघतात. अँगल तोच, माप तेच, भोकं तीच, आणि तरी जुळत नाहीत. हे हातानं कळायला चार-पाच मिनिटं लागतात, आणि तेवढा वेळ मी बोलत नाही.

मुलीचा विषय मात्र तिथं संपला नाही. तिला एक शंका राहिली होती : "मॅडम, कोपऱ्यात चिन्हच नसेल तर?" मी तिला तिचीच तुटक रेघ दाखवली. म्हटलं, पानावरची प्रत्येक रेघ खरी धरून चालायचं. फर्स्ट धरून वाचताना एखादी सलग रेघ चुकीची वाटायला लागली तर आधी थर्ड धरून बघ. रेघ दुरुस्त करायची पाळी सगळ्यात शेवटी. तिनं मान हलवली, पण समाधान झालेलं दिसलं नाही.

सोमवारी ती एक कागद घेऊन आली. ६० बाय ४० चा, ३० उंचीचा ठोकळा. वरून आत जाणारं एक भोक, १८ खोल, आरपार नाही. दोन दृश्यं. समोरच्यात भोकाच्या तुटक रेघा, मध्य डाव्या कडेपासून १५ वर. त्याच्या उजवीकडे काढलेल्या बाजूच्यात तुटक रेघा, मध्य डाव्या कडेपासून १२ वर. कोपरा रिकामा.

मी फर्स्ट धरून वाचलं. भोक मागच्या कडेजवळ आलं, सगळ्या रेघा जुळल्या. थर्ड धरून वाचलं. भोक पुढच्या कडेजवळ आलं, सगळ्या रेघा पुन्हा जुळल्या. भोक आतच असल्यामुळे ते दोन्हीकडून झाकलेलं, दोन्हीकडून तुटकच.

"आरपार ठेवलं असतं तर ठोकळा उलटा करून भागलं असतं," ती म्हणाली. "म्हणून १८ वर थांबवलं."

मी तो कागद बराच वेळ पाहत राहिले. मग म्हटलं, "यात वाचणाऱ्याच्या हातात काही नाही. ज्यानं काढलं त्याला फोन करून विचारायचं."

"मीच काढलंय, मॅडम."

"मग कोपरा रिकामा का सोडलास?"

तिनं पेन्सिल घेतली, आधी दोन वर्तुळं काढली, मग त्यांच्या उजवीकडे शंकू.